मोघे सरांची मरळ

मोघे सर रोज सकाळी सात वाजता आपली जेवायची थाळी विहिरीत सोडत. पांढरी, इनॅमलची थाळी. मधोमध भोक पाडून सुतळीला बांधलेली. सुतळीला हातहात अंतरावर गाठी. पाणी किती नितळ आहे ते कळावं म्हणून, थाळी पाण्यात दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या आणि गल्लीला ओरडून सांगायचं, "आज दीड गाठ!" त्या भोकामुळे थाळीत आमटी थांबत नसे. म्हणून सरांनी आमटी सोडली, थाळी सोडली नाही.

सर आमच्या शेजारच्या खोलीत एकटे राहत. कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत पंचवीस वर्षं बेडूक फाडत होते. बढती मिळवायची तर वरच्यांपुढे गप्प बसावं लागतं, आणि ते त्यांना जन्मात जमलं नाही. त्यांचं म्हणणं एकच. बेडकाचं पोट असो, विहीर असो की आपली गल्ली, जिवंत वस्तूचं जाळं असतं. ते सगळीकडून ढकलू नये. "किल्ली शोधा हो, किल्ली! एक हलवा, बाकीचं आपोआप हलतं."

एकदा आमच्या आईने उंदरांसाठी घरभर पिंजरे लावले. सर दोन तास पलंगाखाली पालथे पडून बाहेर आले आणि म्हणाले, "तुमचं मांजर चार घरी दूध पितं. ते उंदीर कशाला खाईल? दूध बंद करा." चारही घरांनी दूध बंद केलं. मांजर पलीकडच्या गल्लीत राहायला गेलं. सरांनी वहीत लिहिलं, 'पाचवं घर लक्षात आलं नाही.'

विहिरीचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. डास वाढले तेव्हा सरांनीच तिच्यात गप्पी मासे सोडले होते. डास गेले, गल्लीने सरांना पेढे दिले. वर्षभरात पाणी हिरवंगार होऊन वास मारू लागलं. नळाला एक दिवसाआड पाणी, त्यामुळे धुणंभांडी सगळी त्या विहिरीवर. वॉर्ड ऑफिसातले साहेब येऊन बघून गेले. "दोन महिन्यांत सुधारलं नाही तर बुजवावी लागेल."

समोरच्या, चादरींचे माग चालवणाऱ्या यल्लप्पाने गल्लीच्या वतीने तोंड उघडलं. "सर, मासे तुमीच टाकले की. आता तुमीच बघा."

सरांचा चेहरा एवढासा झाला. तीन दिवस ते काठावर बसून होते. चौथ्या दिवशी ओरडतच उठले, "सापडली!" पाण्यात जेमतेम दिसणाऱ्या बारीक पाणपिसवा असतात, त्या पाणी हिरवं करणारं शेवाळ खातात. गप्पींनी डासांबरोबर त्या पिसवाही खाल्ल्या. शिवाय पुण्य म्हणून बायका माशांना कणकेच्या गोळ्या घालत, त्यामुळे गप्पी इतके वाढले की मोजता येईनात. "औषध टाकलं तर सगळंच मरेल. गप्पी खाणारं कुणीतरी आणायचं, बस!"

सर अकलूजला गेले आणि नदीतल्या, लहान मासे गिळणाऱ्या दोन मरळी दुधाच्या कॅनमध्ये घालून एस्टीने निघाले.

"काय हाय कॅनमदी?" कंडक्टरने विचारलं.

"दोन कामगार."

"मग तिकिटं काडा की दोगांची!"

सरांनी खरोखर दोन हाफ तिकिटं काढली आणि वहीत चिकटवली.

आता कणीक बंद व्हायला हवी होती. बायका कुरकुरत कबूल झाल्या. यल्लप्पाची आई नरसम्मा तेवढी ऐकेना. तिचा धाकटा मुलगा लहानपणीच गेला होता. त्याच्या नावाने ती रोज माशांना घाली. "माजं पोरगं उपाशी ऱ्हाईल की!" यल्लप्पाने हात टेकले. गल्लीभर आरडाओरडा करणारे सर तिच्यापुढे मात्र हळूच म्हणाले, "मी बघतो." दुसऱ्या दिवसापासून नरसम्मा विहिरीवर दिसली नाही. आम्हाला वाटलं, सर तिला रागावले असणार. मला ते आवडलं नव्हतं.

दीड गाठीच्या दोन झाल्या, मग चार, मग सहा. ठरल्या दिवशी साहेब आले. सर काठावर ओणवे झाले आणि सुतळी यल्लप्पाने सोडली. सात, आठ, नऊ! थाळी तळाला टेकली तरी लख्ख दिसत होती, आणि शेजारी कुणाचा तरी हरवलेला पितळी तांब्याही. साहेबांनी वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "राहू द्या विहीर."

काय तो जल्लोष! माग थांबले, गुलाल उडाला, यल्लप्पाने नवी कोरी चादर सरांच्या अंगावर घातली आणि पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं. सर वरून ओरडत होते, "मी नाही हो, मरळ! मरळ!"

पुढच्या रविवारी सकाळीच मी सिद्धेश्वराच्या तळ्यावर गेलो होतो. पायरीवर नरसम्मा बसलेली, आणि तिच्या शेजारी, देवळाकडे कधी न फिरकणारे मोघे सर! दोन महिने ते तिला रोज पहाटे हाताला धरून इथे आणत होते. तिच्या मुलाच्या नावाने मासे जेवत होते आणि आमच्या विहिरीत कणीक पडत नव्हती. मी मनात सरांची माफी मागितली.

"सर, विहीर तर झाली ना नितळ? मग अजून ही पायपीट?"

सरांच्या आधी नरसम्माच बोलली. "त्याला यायलाच लागतंय की. हितं न्हाय आला तर धड जेवत न्हाय त्यो. घरी कोन हाय त्याला?"

तिने कणकेची एक गोळी पाण्यात टाकली. मग पदराखालची भाकरी मोडली, तुकड्यावर शेंगाचटणी ठेवली आणि पंचावन्न वर्षांच्या सरांच्या हातात दिली. "खा रं पोरा."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले.

"चटणी फार तिखट आहे हो," ते म्हणाले आणि पुढच्या घासासाठी त्यांनी हात पुढे केला.