‘आयर्न बॉबिन’ला मौनाची मानवंदना

इंग्लंडातल्या स्टोकवर्थ गावी देवयानीची तान्ही लेक अन्वी अंगाईने झोपत नसे. पुण्याहून आजीने व्हिडिओ कॉलवर गाऊन पाहिलं, घरी येऊन बाळाला तपासणाऱ्या नर्सने, हेल्थ व्हिजिटरने, पावसाच्या आवाजाचं ॲप दिलं. अन्वीने दोघींनाही रडून वाटेला लावलं. तिला झोप यायची ती फक्त ‘आयर्न बॉबिन’ने.

‘आयर्न बॉबिन’ म्हणजे याच गावातल्या मोज्यांच्या कारखान्यात राबणाऱ्या चार पोरांनी पन्नास वर्षांपूर्वी वाजवलेला हेवी मेटल अल्बम. त्यातली गिटार इतकी खाली उतरते, की आवाज कानांआधी बरगड्यांना कळतो. ड्रम्स कारखान्यातल्या यंत्रांसारखे. दया नाही, माया नाही, विश्रांती नाही. देवयानीला दिवस गेले तेव्हापासून तिच्या नवऱ्याने, अवधूतने, घरात तोच लावला होता. आता पहिली गुरगुर सुरू झाली की आईच्या कुडत्याचा गळा धरून बसलेली ती एवढीशी मूठ हळूहळू सैल पडायची, आणि देवयानीला चहा गरम असताना प्यायला मिळायचा.

मग कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, सारा आली. काटकसरीच्या धोरणानुसार ध्वनिनियंत्रण आणि सांस्कृतिक वारसा ही दोन्ही खाती एकाच टेबलावर आणली गेली होती, आणि ते टेबल साराचं होतं.

“तुमच्या आवाजाबद्दल शेजारून तक्रार आहे,” ती म्हणाली. तिच्या कोटावर ‘आयर्न बॉबिन : आमचा आवाज, आमचा अभिमान’ असा बिल्ला होता.

“अहो, पण हा तोच अल्बम आहे!”

“म्हणूनच. वारसा असा रोज वापरला तर झिजतो.”

“आणि बाळ रडलं तर?”

“रडणं नैसर्गिक आहे. त्यावर कारवाई होत नाही.”

साराने स्पीकर जप्त केला.

तक्रार केली होती पलीकडच्या टेरीने. अल्बममधले ड्रम्स वाजवणारा तो हाच टेरी.

“टेरी, ड्रम्स तर तुमचेच आहेत!” देवयानी कुंपणावरून म्हणाली.

“म्हणून तर, लव्ह. लोकांची झोप उडावी म्हणून वाजवले होते ते. तुझी पोर त्यावर घोरते. भिंतीतून ऐकू येतं मला.”

“तू बोल ना कुणाशी तरी,” तिने नवऱ्याला सांगितलं.

“देवू, प्लीज. आपण व्हिसावर आहोत,” अवधूत म्हणाला. कॉलेजात असताना त्याने कमरेपर्यंत केस वाढवून व्यवस्थेविरुद्ध ओरडून दाखवलं होतं. आता त्याने अल्बमच्या सुवर्णमहोत्सवाचे दोन काळे टी-शर्ट ऑर्डर केले. अन्वीसाठी झबलंही.

अन्वी झोपेना. झोपेवाचून देवयानीने एकदा मीठ समजून वरणात बाळाची दूध पावडर घातली, आणि अवधूतने ते निमूटपणे खाल्लं.

महोत्सव टाउन हॉलमध्ये होता. तो ध्वनिमर्यादेत बसावा म्हणून साराने तोडगा काढला होता: संपूर्ण अल्बम मौनात साजरा होईल. सगळ्यांनी उभं राहून फक्त माना हलवायच्या. मंचावर काचेच्या पेटीत देवयानीचा स्पीकर होता. खाली पाटी : ‘ज्यावर आयर्न बॉबिन शेवटचा ऐकला गेला, ते उपकरण. हात लावू नये.’

“माझा स्पीकर परत द्या,” देवयानी म्हणाली.

“तो आता संग्रहात आहे,” सारा कुजबुजली. “हळू बोला, तिसरं गाणं चालू आहे.”

तिसऱ्या गाण्याच्या ऐन मौनात अन्वीने टाहो फोडला. शंभर काळे टी-शर्ट मागे वळले. “शूः!” त्यातला एक अवधूत होता.

पहिल्या रांगेत सन्माननीय पाहुणा म्हणून एकट्यालाच खुर्ची मिळालेला टेरी उठला आणि अन्वीच्या बाबागाडीपाशी आला. त्याने आपल्या सुजलेल्या बोटांकडे पाहिलं, मग प्रॅमच्या दांड्यावर दोन बोटं आपटली. मग तळहात. मग लाकडी जमिनीवर बूट. जमीन गुरगुरू लागली. अन्वीने हुंदका अर्ध्यावर सोडला, कान टवकारले, आणि ती एवढीशी मूठ सैल पडली.

“बघ, घोरायला लागली,” टेरी म्हणाला. या वेळी तक्रारीचा सूर काही नीट जमला नाही त्याला.

पन्नास वर्षं ज्याचा अभिमान बाळगला, ते गावाने आज पहिल्यांदाच प्रत्यक्ष ऐकलं होतं. टाळ्या कडाडल्या. कुणी शिट्टी मारली.

अन्वीची पापणी हलली.

देवयानी गर्रकन वळली. “सारा, या लोकांच्या आवाजाबद्दल मला तक्रार नोंदवायची आहे. आत्ताच्या आत्ता.”

साराने पेन काढलं. सभागृह चिडीचूप झालं.

आणि वाचकहो, तुम्हालाही हसायचं असेल, तर कृपया बाहेर जाऊन हसा. बाळ झोपलंय.