एक इंच गवत

निखाडे काका मला पहिल्यांदा भेटले तेव्हा ते माझ्याच अंगणात गुडघ्यांवर बसले होते. हातात पोलादी पट्टी, नाक गवताला टेकलेलं. नवा रायपुरातल्या त्या जोडघरात मी आदल्या दिवशीच सामान उतरवलं होतं. मी दारात आले तशी नमस्कार वगैरे काही न करता ते म्हणाले, "मॅडम, तीन इंच झालं. काहून?"

काहून म्हणजे का. नाशिकहून आल्यामुळे मला ते कळायलाच आधी दोन क्षण लागले.

आमची घरं एका भिंतीला चिकटलेली, आणि समोरचं लॉन सलग. मध्ये फक्त अर्ध्या पुरलेल्या विटांची एक ओळ. पलीकडचं लॉन गालिच्यासारखं, अलीकडचं माझं. काका रेल्वेत रुळांच्या देखभालीवर होते. जन्मभर दोन रुळांमधलं अंतर मोजलं, आता गवत मोजतात, असं सगळा सेक्टर हसत हसत सांगायचा. मलाही ते पटलं.

गवताला ते दूब म्हणत आणि तिच्याबद्दल घरच्या लेकीसारखं बोलत. "उन्हाळ्यात तिले जास्त छाटायचं नाही, जीव जाते तिचा. पावसाच्या आधी शेणखत. पावसात मात्र दर चौथ्या दिवशी मशीन. एक इंच म्हणजे एक इंच!" मी पेट्रोलवरची मशीन घ्यायचं म्हटलं, तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी नांगर आणणार होते. "ते मशीन गवत कापत नाही मॅडम, फाडते. हातानं ढकलायची घ्या. पातं कसं चालते पाहायचं असन तर कागद घालून पाहा. कैचीसारखा कटला पाहिजे."

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी त्यांची नक्कल करायचे. रुमालाची पट्टी करून टेबलावर वाकायचे आणि म्हणायचे, "मॅडम, तुमची कोशिंबीर तीन इंच झाली. काहून?" लोक हसून हसून बेजार व्हायचे. मला ते आवडायचं. नव्या शहरात माझी ओळख झाली होती ती त्या नकलेमुळे, हे आज लिहितानाही कान गरम होतात.

श्रावणात पाऊस लागून राहिला आणि काका रोज दारात येऊ लागले. "वाढून राहिलं मॅडम." "हो काका." "माळी येते का?" "येईल काका." चौथ्या दिवशी ते आपली मशीन घेऊनच आले. "मीच मारून देतो. दहा मिनटाचं काम आहे." त्या दिवशी ऑफिसात साहेबांनी मला सगळ्यांसमोर झापलं होतं. मी म्हणाले, "काका, माझ्या बाजूचं गवत हा माझा प्रश्न आहे. तुम्ही विटांच्या पलीकडे राहा."

त्यांनी "हव," एवढाच होकार दिला आणि ते मशीन उचलून, चाकं माझ्या गवताला लागू न देता, परत गेले. मी माळ्याला फोन केला आणि महिनाभर येऊ नकोस म्हणून सांगितलं. धडा शिकवायचा होता मला. सत्तरीच्या माणसाला.

आठवड्याभरात एकदा मला पहाटेची गाडी होती. अजून उजाडायचं होतं. स्वयंपाकघरात चहा ठेवला आणि पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिलं. काका आणि लता काकू लॉनवर चालत होते, दोघंही अनवाणी. काकू मी तोवर नीट पाहिल्याच नव्हत्या. "ती बाहेर निघत नाही," एवढंच काका सांगायचे. एके काळी त्या शाळेत पी.टी. शिकवायच्या, मुलांना रांगेत चालवायच्या, हेही त्यांनीच सांगितलेलं. आता त्यांचा डावा पाय मागे राहत होता, अंगठा जमिनीवरून घासत येत होता. काका त्यांच्यापुढे उलटे चालत होते, दोन्ही हात पसरून, पण न धरता. वळताना काकूंचा तोल जायचा. म्हणून त्यांना सरळ, लांब वाट हवी होती. ती वाट माझ्या बाजूनं जात होती.

विटांची ओळ ओलांडून त्या चार पावलं आल्या. पाचव्याला अंगठा माझ्या वाढलेल्या, ओल्या गवतात अडकला आणि त्या हातावर पडल्या.

मी बाहेर गेले नाही. दार चार पावलांवर होतं. पण गेले असते तर ते गवत कोणाचं, हे त्यांच्या तोंडासमोर उभं राहिलं असतं. मी पडदा सारला आणि चहा उतू जाईपर्यंत तिथंच उभी राहिले.

परत आल्यावर काका फाटकाशी भेटले. "काकूचं मनगट मोडलं," ते म्हणाले. "बाथरूममध्ये घसरली." माझ्याकडे न पाहता म्हणाले.

त्याच शनिवारी मी त्यांना म्हटलं, मशीन घ्यायला चला. रायपुरातल्या जुन्या बाजारात दुकानदार सारखा सांगत होता, "अंकल, पेट्रोल वाली ले लो, मेहनत बचेगी." काका वहीचा कागद पात्यात घालून फिरवत होते. तिसऱ्या मशीननं कागद सरळ कापला. मग त्यांनी ती माझ्या हातात दिली. "ढकलून पाहा. तुमच्या हाताले पेलली पाहिजे."

गाडीत मी सांगून टाकलं. "काका, मी पाहिलं होतं. खिडकीतून. मी आले नाही."

काकांनी मागच्या सीटवरच्या मशीनकडे एकदा वळून पाहिलं. मग ते म्हणाले, "तिले सांगू नका, तुम्ही पाहिलं म्हणून. तिले वाटते कोणी पाहत नाही. तेवढ्यावर चालून राहिली ती."

संध्याकाळी मी लॉन कापलं. काका विटांपाशी उभे होते, पण मोजायला वाकले नाहीत. काम संपलं तेव्हा दारातून हाक आली. काकू खुर्चीत बसल्या होत्या, प्लास्टरचा हात मांडीवर, पायांवरून पातळ नीट ओढलेलं. "ये बाई, चहा घे. दमली असशील." आणि मी हाताकडे पाहते आहे असं दिसताच त्या हसून म्हणाल्या, "हे का? बाथरूममध्ये घसरली मी."

काका स्वयंपाकघरात कप शोधत होते. कपांचा आवाज थांबला.

"टाइल्स फार वाईट असतात, काकू," मी म्हणाले.