सेतारेकीचा उपास

सेतारेकीनं सुकी सोडायचं ठरवलं ते होडीचा नांगर ओढताना. म्हणजे नांगर अर्धा वर आला, सेतारेकीचा दम संपला आणि तो होडीत मटकन बसला. होडीत अकेनेता आजी होती. वय बहात्तर, दोन्ही गुडघे निकामी, निघाली होती त्याच गुडघ्यांसाठी दवाखान्यात. तिनं पाच मिनिटं वाट पाहिली, मग पदर खोचावा तसा झगा खोचला आणि उरलेला नांगर स्वतःच ओढून घेतला.

"चालव आता," ती म्हणाली. "की तेही मीच करू?"

कंदावू बेटावर तीस वर्षं होडी चालवलेल्या माणसाला याहून मोठा अपमान नव्हता. पण झाला. दवाखान्यात पोचल्यावर आजीनं गुडघ्यांआधी नांगराची हकीकत सांगितली, कारण तिथली नर्स म्हणजे सेतारेकीचीच लेक मिलियाना. तिनं बापाला धरून आत नेलं, छातीला नळी लावली आणि बराच वेळ काही बोललीच नाही. (सेतारेकीला वाटलं, झोप लागली पोरीला.)

"बाबा," शेवटी ती म्हणाली, "आत डबक्यात बेडूक बसल्यासारखा आवाज येतोय. अजून दोन वर्षं अशीच सुकी ओढलीत, तर होडीतून तुम्हाला आडवं घालून आणावं लागेल. आणि मला ते बघायचं नाहीये."

शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज कापला. ती लहानपणीही कधी रडायची नाही. सेतारेकीनं तिथल्या तिथे ठरवलं, बस्स, सोडली.

सुकी म्हणजे घरचा तंबाखू. दोरासारखा पिळलेला, काळाकुट्ट. त्याचा तुकडा कापायचा, चुरायचा, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळायचा आणि पेटवायचा. सेतारेकी कागद गुंडाळण्याआधी तो वाचायचा, त्यामुळे जगातल्या बऱ्याच घडामोडी त्याला ठाऊक असत, फक्त त्यांचा शेवट काय झाला ते नसे. तो जळून गेलेला असे.

घरी येऊन त्यानं बायकोला, लोसेनाला, हळूच सांगितलं. "कुणाला बोलू नकोस. जमलं तर जमलं."

"मी कशाला बोलू, मिलियानाचे बाबा!" लोसेना म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी चटया विणायला बसलेल्या चौदा बायकांना तिनं बजावून सांगितलं की, कुणाला बोलू नका.

मग काय विचारता! संध्याकाळपर्यंत गावात ज्याला कान होता त्याला बातमी होती. अकेनेता आजी आलं घेऊन आली. मिलियानानं च्युइंगगम पाठवलं. शेजारीण उकडलेल्या कसाव्याच्या कंदाचं ताट घेऊन दारातच उभी राहायची, आणि सेतारेकीचा हात चुकून जरी ओठांकडे गेला, मिशी खाजवायला का होईना, की तोंडात एक तुकडा कोंबायची. लोसेनानं घरातला कागदाचा कपटासुद्धा ठेवला नाही. रविवारी चर्चमध्ये पाळक म्हणाले, "सेतारेकीकडे पाहा!" आणि सगळं गाव खरोखरच पाहायला लागलं. त्या क्षणी तो कसावा चावत होता.

इथवर ठीक होतं. पण त्या रविवारी घरोघरी बायकांनी नवऱ्यांना एकच प्रश्न विचारला, "सेतारेकीला जमतं, तुम्हालाच काय धाड भरलीय?" पुढच्या दोन दिवसांत गावचे मुखिया इलाइतिया यांच्यासह सहा नवऱ्यांनी सुकी सोडल्याचं जाहीर केलं. जाहीर करताना त्यांचे चेहरे दात काढून घेतल्यासारखे होते.

सातवा ओढणारा वैसाके, त्यानं काही जाहीर केलं नाही. त्याला बायको नव्हती, ती जाऊन चार वर्षं झाली होती. पण तो लोसेनाचा भाऊ, म्हणजे सेतारेकीचा तवाले. आपल्याकडे मेहुण्याची चेष्टा करायची मुभा असते, तिथे ती सक्तीच असते. तवाले तवालेला सरळ बोलला तर लोक विचारतात, भांडण झालंय का? तीस वर्षं रोज दिवस मावळताना ते दोघं किनाऱ्यावर, देशी बदामाच्या झाडाखाली पालथ्या घातलेल्या जुन्या होडीवर बसत. एकाच पिळातून दोघांची सुकी. एका काडीवर दोन्ही पेटत. आणि मग अंधार पडेपर्यंत एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार.

सेतारेकीनं सोडल्यानंतर वैसाके एकदाच आला, आणि तोही उभ्या उभ्या.

"मी नाही बसत, तवाले. माझ्या अंगाला वास येतो. तुझं तप मोडेल."

"अरे बस की! तुझ्या अंगाला सुकीपेक्षा बोकडाचा वास जास्त येतो."

वैसाके हसला, पण बसला नाही. पुढे तो आलाच नाही.

सेतारेकी एकटाच होडीवर बसू लागला. सूर्य रोजच्यासारखा बुडे, पण आता त्याला वेळ फार लागे. काय करायचं असतं हातांचं? एक मांडीवर ठेवला तर दुसरा उरायचा. कुणी बघत नाहीसं पाहून तो आपली बोटं हुंगायचा. तीस वर्षांच्या धुरानं ती पिवळी पडली होती, त्यात अजून वास होता. रोज थोडा कमी. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्यानं बोटं नाकाशी नेली, तर नुसत्या साबणाचा वास. घरातलं कुणी न सांगता गाव सोडून जावं, तसं त्याला झालं. लोसेना म्हणाली, "डोळे का ओले?" तो म्हणाला, "आलं तिखट आहे."

त्याच सुमाराला त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. दर शनिवारी दुपारी गावातले सात पुरुष खाडीसमोरच्या छोट्या बेटावर नारळ तोडायला जात. सात माणसं, कोयता एक. आणि परत येत ते दोन नारळ घेऊन.

पुढच्या शनिवारी तो मासे धरायच्या निमित्तानं निघाला. मनात पाप नव्हतं. ओढायची नव्हतीच, मिलियानाचा कापरा आवाज कानात होता. फक्त वास घ्यायचा. लांबून. त्यात काय बिघडतं? बेटाच्या वाऱ्याखालच्या बाजूला जाऊन त्यानं इंजिन बंद केलं, होडीत उताणा पडला आणि डोळे मिटले.

आला! झाडीवरून तरंगत, खारट वाऱ्यात मिसळून, तोच तो धूर. सेतारेकीनं नाक भरून घेतलं. त्या वासात तीस वर्षांच्या संध्याकाळी होत्या, वैसाकेच्या शिव्या होत्या, मिलियाना जन्मली त्या दिवशी दोघांनी मिळून ओढलेली ती पहिली सुकी होती. आणखी एक श्वास. आणखी एक. बेडूकसुद्धा गप्प बसला.

नांगर टाकायचा मात्र तो विसरला होता. (त्या नांगराशी त्याचं जुनं वाकडं.) भरतीनं होडी अलगद उचलली आणि कर्र करून वाळूत नेऊन ठेवली. सेतारेकीनं डोळे उघडले. समोर सात पुरुष उभे होते, त्यात वैसाकेही.

"सेतारेकी!" कुणीतरी किंचाळलं.

पळापळ झाली. त्यातल्या नेमानीनं पेटती सुकी वाळूत खुपसली आणि वर बसला. मुखिया इलाइतियांना काही सुचेना. त्यांनी आपली सुकी टोपीत टाकली, टोपी डोक्यावर घातली आणि अतिशय गंभीरपणे पुढे आले.

"ये, सेतारेकी. आम्ही नारळ तोडतोय."

त्यांच्या टोपीतून धुराची एक बारीक रेघ वर चालली होती.

सेतारेकीला आता राहवेना. लेक, बायको, पाळक, अकेनेता आजी, सगळे एका झुरक्यापुढे फिके पडले. तो गुडघाभर पाण्यात उतरला आणि म्हणाला, "इलाइतिया, मला एक दे."

इलाइतियांनी टोपी घट्ट दाबून धरली.

"दे रे. अर्धी दे. नुसता एक झुरका दे!"

इलाइतियांचा चेहरा पडला. "ऐकलंत?" ते इतरांना म्हणाले. "एक शब्द रागाचा बोलला नाही. आम्हाला लाजवायला स्वतः हात पसरतोय!"

"लाजवत नाहीये! खरंच मागतोय!"

"पुरे, सेतारेकी, पुरे!" इलाइतियांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. (थोडं पश्चात्तापाचं, थोडं टोपीचं. केस करपायला लागले होते.) "तिकडे बायकांना वचन देतो आणि इकडे चोरासारखे धूर काढतो आम्ही. आणि हा एकटा माणूस समुद्र ओलांडून आमच्यामागे आला. टाका रे सगळं पाण्यात!"

सेतारेकीच्या डोळ्यांदेखत सातही पीळ, कागद, काड्यापेट्या आणि मुखियांची टोपी समुद्रात गेली. तो "नको, नको" म्हणत होता. ते त्यांनी नम्रता म्हणून घेतलं.

परतताना वैसाके त्याच्या होडीत बसला.

"तिथे मजा नव्हती, तवाले," वैसाके म्हणाला. "शिवी द्यायला कुणी नाही. इलाइतियाला बोकड म्हटलं तर तो गावची सभा बोलावतो."

"मग माझ्याकडे का आला नाहीस?"

"तुझं मोडलं असतं ना. तुला आडवं घालून न्यायचं म्हणजे वल्ही मलाच मारावी लागणार." तो समुद्राकडे पाहत म्हणाला. "बायकोला नेलंय मी तसं एकदा. पुन्हा नाही जमायचं." मग वळून, "खरं सांग, आलास कशाला?"

सेतारेकीच्या जिभेवर आलं होतं, सुकीसाठी. तोंडातून निघालं, "तुझ्यासाठी." आणि निघाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण सगळंच काही खोटं बोललो नाही.

वैसाकेनं मान खाली घातली. मग आपल्या दाट केसांत बोटं घातली आणि आतून एक सुकी काढली. जाडजूड, व्यवस्थित गुंडाळलेली. "ही मागे ठेवली होती मी. पण तू माझ्यासाठी एवढा आलास..."

"अरे थांब!" सेतारेकीनं इंजिन सोडून हात पुढे केला.

तोवर सुकी पाण्यात पडली होती. एक छोटा मासा आला, त्यानं ती चाखली आणि थुंकून टाकली. वैसाकेनं सेतारेकीचा पुढे आलेला हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि गदगदून म्हणाला, "तवाले!" गाव येईपर्यंत त्यानं तो सोडला नाही. होडी एका हातानं चालवावी लागली.

लोसेना किनाऱ्यावरच होती. तिनं नवऱ्याच्या सदऱ्याला नाक लावलं.

"मिलियानाचे बाबा. ओढलीत."

"देवाशपथ नाही! नुसता वास घेतला."

"म्हणजे नाकानं ओढलीत!"

"या वैसाकेला विचार!"

पण तिथे वयात आलेल्या बहीण-भावानं समोरासमोर बोलायचं नसतं, जुनी रीत आहे. एकुलता एक साक्षीदार नीरफणसाच्या झाडाखाली स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत उभा राहिला.

तिकडे सहा घरांत सहा बायकांनीही सहा सदरे हुंगले. सहाही नवरे एकच बोलले, "सेतारेकी बेटावर आला होता. आम्ही सुकी समुद्रात टाकून दिली." शब्दन् शब्द खरा होता.

संध्याकाळी वैसाके पालथ्या होडीवर येऊन बसला. दोघांच्याही हातांत काही नव्हतं. त्यानं सेतारेकीच्या आजोबांपासून सुरुवात केली, आणि सूर्य कधी बुडाला ते कळलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी चर्च खचाखच भरलं होतं. सेतारेकीला यायला उशीर झाला, म्हणून तो सगळ्यांत मागच्या बाकावर बसला. पाळक उभे राहिले. सहा बांधवांनी काल एका मोहात पडलेल्या भावाच्या तोंडची सुकी काढून समुद्रात फेकली, असं ते म्हणाले. इलाइतियांनी मान इतकी खाली घातली की टाळूवरचा करपलेला गोल चट्टा सगळ्यांना दिसला.

"त्या दुबळ्या भावाचं नाव मी घेणार नाही," पाळक म्हणाले. "पण आपण सगळे मिळून त्याच्यासाठी प्रार्थना करू या."

अख्ख्या चर्चनं मागे वळून पाहिलं. कोण बरं हा बिचारा, म्हणून कळवळून सेतारेकीनंही मागे वळून पाहिलं.

मागे भिंत होती.