जगदाळेभाऊ कार्ड पास करत नाहीत

आमच्या सोसायटीच्या गेटवर नवा इडलीवाला आला, तेव्हा बाकीच्यांनी आधी चटणी चाखली. जगदाळेभाऊंनी खिशातून व्हर्नियर काढला आणि इडलीची जाडी मोजली. कडेला मोजली, मधे मोजली, मान हलवली आणि म्हणाले, "रिजेक्ट!" मग उभ्या उभ्या चार इडल्या खाल्ल्या, तो भाग वेगळा.

जगदाळेभाऊ चाकणच्या एका कंपनीत बाहेरून येणारा माल तपासायचे. ट्रक गेटवर लागला की नटबोल्टसुद्धा त्यांच्या टेबलावरून गेल्याशिवाय आत जात नसे. निवृत्तीच्या समारंभात त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते मिनिटभर मागे निघालं, म्हणून त्यांनी ते स्टेजवरच परत केलं. आता निगडीच्या फ्लॅटमध्ये तपासायला माल उरला नाही, त्यामुळे ते आम्हाला तपासतात. काहीही बिघडलं की पाच वेळा "का?" विचारायचं, म्हणजे खरं कारण सापडतं, ही त्यांची कंपनीतली शिकवण. पोळी करपली तेव्हा स्वयंपाकाच्या मावशींनी पाचव्या "का?"ला ते शोधूनही दिलं. "तुमी गॅसपाशी हुबं राहून का, का करताय म्हणून!"

अशा माणसाला गेमचं वेड लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्यांचा मुलगा ओंकार नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि जाताना आपला कॉम्प्युटर मागे ठेवून गेला. त्यात ट्रक चालवायचा एक गेम आहे. भाऊ रोज दुपारी त्यात कुठून कुठे माल पोचवतात. "जन्मभर दुसऱ्याचे ट्रक अडवले, आता सोता चालवतो," म्हणतात. रिकाम्या रस्त्यावरही लाल सिग्नलला थांबतात आणि मागे कुणी नसताना इंडिकेटर देतात. पिंपरी-चिंचवडमध्ये ही शिस्त पाळणारा तेवढा एकच ट्रक असावा.

पण कॉम्प्युटर जुना. वळणावर ट्रक उचक्या देऊ लागला. ओंकार फोनवर म्हणाला, "बाबा, ग्राफिक्स कार्ड बदला." हे कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात बसणारी, पंखे लावलेली एक जाड पट्टी. पडद्यावरचं चित्र तिच्या जिवावर पळतं. बाकीचं जग दुकानात जातं, कार्ड आणतं, बसवतं आणि खेळायला लागतं. भाऊंनी रीतसर तपासणी सुरू केली आणि दर रविवारी मला बरोबर घेतलं. मला कार्डातलं ओ की ठो कळत नाही. माझी पात्रता एवढीच की माझ्याकडे गाडी आहे.

चिंचवडच्या दुकानदाराने विचारलं, "काका, बजेट काय?"

भाऊंनी विचारलं, "तुमचा रिजेक्शन रेट काय?"

पहिलं कार्ड खोक्याला पोचा होता म्हणून गेलं. "खोक्याला मार हाय म्हंजी मालाला हाय." दुसऱ्यात रंगीत दिवे लागत होते. "गणपती बसवायचाय का मला?" तिसरं कॅबिनेटमध्ये बसत होतं, पण खेटून. चौथ्या वेळी दुकानदाराने हात जोडले. "काका, अख्खं शहर हेच कार्ड नेतंय. एक तक्रार नाही."

"तक्रार न्हाई म्हंजी कुणी तपासलंच न्हाई," भाऊ म्हणाले आणि कार्ड सूतभर लांब निघालं म्हणून परत केलं.

त्या दिवशी परतताना हायवेवर गाड्या अडकल्या होत्या आणि माझं डोकं फिरलं. "भाऊ, एकदाचं घ्या ना काहीतरी! ट्रकच चालवायचाय, विमान नाही!" ते उत्तर देणार तोच ओंकारचा फोन आला. भाऊंनी तो स्पीकरवर टाकला.

"बाबा, आज काय खोट काढली?"

भाऊ एकदम खुलले. कार्डाच्या लांबीवरून बोलणं सुरू झालं. तिथून ते ओंकारने लहानपणी खोललेल्या मिक्सरवर गेलं, मिक्सरवरून तिकडच्या थंडीवर, आणि थंडीवरून ऑफिसातल्या कुणा मुलीवर आलं. गाडी पार्किंगमध्ये लागली तरी बापलेकांचं चालूच होतं. मी किल्ली हातात घेऊन बसून राहिलो.

फोन ठेवल्यावर भाऊ सीटबेल्ट काढायचं विसरले. "आधी बी फोन यायचा, राव. जेवलात का, बीपीची गोळी घेतली का, बरं ठेवतो. कपात चहा ओतोस्तर संपायचा. तुमची वहिनी गेल्यापासनं घरात तेवढाच आवाज. ह्या कार्डाचं निघालं तवापासनं पोरगं भरभरून बोलतंय." मग बेल्ट सोडत म्हणाले, "कार्ड पास केलं की झालं. पुन्हा गोळी घेतली का."

मला फार वाईट वाटलं. इतके रविवार जपून ठेवलेला पेट्रोलचा राग कुठे गेला, कुणास ठाऊक.

पुढच्या रविवारी दुकानदार जय्यत तयारीत होता. खोकं कोरं करकरीत, कार्डाला दिवे नाहीत, लांबी बेताची. भाऊंनी व्हर्नियर लावला, भिंग लावलं, बोटाने पंखे फिरवले, पुन्हा फिरवले. काही सापडेना. त्यांचा चेहरा उतरत गेला. वाईट माल त्यांनी कधी पास केला नव्हता, पण चांगला मालही कधी नापास केला नव्हता.

"ओके हाय," ते हळूच म्हणाले. दुकानदार घाईघाईने बिल करायला वळला.

मी कार्ड उचललं. उजेडात धरून जाणकारासारखं पाहिलं. "भाऊ, हा डावीकडचा पंखा जरा लटपटतोय, बघा."

"अहो साहेब, तुम्हीपण?" दुकानदार ओरडला.

भाऊंनी पंख्याकडे पाहिलं. पंखा अजिबात लटपटत नव्हता आणि ते त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि व्हर्नियर मिटून खिशात ठेवला.

"रिजेक्ट," ते म्हणाले.

दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी ओंकारला फोन लावला. "आरं, आजची गंमत ऐक..."

मी गाडी काढायची घाई केली नाही.