टाकीची घंटा

"दिवा तर लागलाय की गं!" त्र्यंबकराव म्हणाले.

"अहो, दिवा लागून काय उपयोग? लॅपटॉप म्हणतोय, बोर्ड जोडलेलाच नाही!" मंदाकिनीबाई वैतागल्या.

डोंबिवलीच्या त्या चार मजली इमारतीत सहासष्टाव्या वर्षी पायथन ही संगणकाची भाषा शिकणाऱ्या त्या एकट्याच. आणि शिकल्या कशा, तर हा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड यायच्या आधी दोन महिने चौकटीच्या वहीत हातानं प्रोग्रॅम लिहून. पायथनच्या नियमानं आतली ओळ चार घरं सोडून म्हणजे चारच! हा सगळा खटाटोप तळमजल्यावरच्या ठमाबाईंसाठी होता. इमारत त्यांच्याच शेतावर उभी, त्यामुळे पाण्याच्या पंपाला त्या दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत. टाकी भरली का ते बघायला रोज दुखऱ्या गुडघ्यानं गच्चीवर चढत. टाकी भरली की खाली घंटा वाजेल, रविवारी पाचला सगळ्यांसमोर वाजवून दाखवते, असं मंदाकिनीबाई सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलून बसल्या होत्या. टाकीतला तरंगता गोळा, खालची घंटा, तारा सगळं बसवून झालं होतं. फक्त बोर्डात प्रोग्रॅम जायचा राहिला होता.

रविवारचे साडेचार झाले. प्रोग्रॅम अकरा वेळा तपासून झाला.

"माझंच चुकलं असणार. जमलं नाही म्हणून सांगून येते," असं म्हणत मंदाकिनीबाई उठल्या.

दारात ठमाबाई गुडघा चोळत उभ्या होत्या. "मंदाताई, वायर कुठली लावलीय? माझ्याकडं दोन हायत. एकीनं मोबाइल नुसता चार्ज होतो, फोटो काय जात नाय."

मंदाकिनीबाईंनी वायर उपसून हातात घेतली. त्यांनी सगळं तपासलं होतं, वायर सोडून! ठमाबाईंची दुसरी वायर बोर्डात बसेना. घरातल्या सगळ्या नुसत्या चार्जिंगच्या निघाल्या. मग मंदाकिनीबाईंची नजर खिडकीतला मनीप्लांट ज्या जुन्या वायरीनं बांधला होता, तिच्याकडे गेली.

"ती नको! वेल पडेल!" त्र्यंबकराव ओरडले. जुन्या वायरी जपून ठेवतात म्हणून वर्षानुवर्षं बोलणी खाणारे ते हेच.

पाच वाजता घंटा वाजली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्र्यंबकरावांना वाजवता आल्या नाहीत, त्यांच्या दोन्ही हातांत वेल होता.

सोमवारी सकाळी घंटा पुन्हा खणखणली. पाच मिनिटांनी तिसऱ्या मजल्यावर मंदाकिनीबाईंच्या दारात ठमाबाई धापा टाकत हजर.

"अहो, आता कशाला चढलात?"

"घंटा वाजली ना. खरंच भरलीय का, बघाया चालले."

मंदाकिनीबाईंनी क्षणभर कपाळाला हात लावला. मग चपला घातल्या.

"थांबा, मीही येते. मलाही बघायचंच होतं."

दोघींनी टाकीत वाकून पाहिलं. काठोकाठ भरली होती.