आतल्या खोलीची रेंज

हिराजीनाना कुणाच्याही घरी गेले की दारात आधी चपला काढतात आणि मग खिशातून खडू. पाणी नको, चहा नको, "बसा" म्हटलं तरी बसणं नाही. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात खडू आणि नजर मोबाइलच्या कोपऱ्यातल्या वाय-फायच्या रेघांवर. हॉलपासून सुरुवात करून ते एकेक पाऊल आत जातात आणि दर चार फरश्यांनी खाली वाकून आकडा लिहितात. चार. तीन. तीन. दोन. एक. रेंज संपते तिथे फुली मारतात आणि मोठ्याने जाहीर करतात, "इथनं फुडं कोरडं!"

खडू माझे. मी खांदा कॉलनीत घरीच गणिताच्या शिकवण्या घेते आणि नाना आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. त्यामुळे माझा खडूचा डबा कोण रिकामा करतं हे शोधायला मला पोलीस लागले नाहीत.

नाना बत्तीस वर्षं पाणीखात्यात व्हॉल्व्हमन होते. सायकलच्या दांड्याला लांबलचक लोखंडी चावी बांधून हिंडायचं, रस्त्यातलं झाकण उघडायचं आणि कुठल्या बाजूला किती वाजता पाणी सोडायचं ते सोडायचं, हे त्यांचं काम. अशा माणसाला मोठमोठे लोक वाकून नमस्कार करतात, विशेषतः उन्हाळ्यात. रिटायर झाल्यावर चावी जमा झाली आणि नमस्कारही थांबले. मग पुण्याच्या मुलाने घरात वाय-फाय घेऊन दिलं. पहिल्याच आठवड्यात नानांच्या लक्षात आलं की हॉलमध्ये धो धो येतंय आणि नानी बसतात त्या आतल्या खोलीत थेंब नाही. टोकाच्या घराला पाणी नाही, ही तक्रार बत्तीस वर्षं ऐकून ज्याचे कान किटले, त्याच्याच घरात टोक कोरडं! नाना पेटले ते पेटलेच. आधी वायर ओढून नानींच्या खोलीत दुसरा राऊटर बसवला. महिनाभरात बिल्डिंगमधलं एकही घर त्यांच्या खडूतून सुटलं नाही.

माझी फजिती आधी सांगते, म्हणजे दुसऱ्यांच्या सांगायला मोकळी. माझा वर्ग मागच्या खोलीत चालतो आणि तिथे नेट येईना. मी ऑनलाइन एक रेंज एक्स्टेंडर मागवला. गणित शिकवणाऱ्या बाईला स्वतःच्या अकलेवर फार भरवसा असतो. जिथे रेंज नाही तिथेच तो लावला. चार दिवस त्याचा दिवा लाल तो लाल. नाना आले, आकडे लिहीत मागच्या खोलीत पोचले आणि एक्स्टेंडरकडे बघून माझी कीव करत म्हणाले, "मास्तरीणबाई, कोरड्या विहिरीत पंप सोडलाय तुमी."

"अहो, इथे रेंज नाही म्हणून तर घेतला ना!"

"पंप पानी तयार करतो काय? पानी असंल तिथनं उचलतो नि फुडं ढकलतो. तीन रेघा हायत तिथं लावा त्याला."

तीनचा आकडा पॅसेजमध्ये होता. तिथे लावला. दिवा हिरवा झाला आणि मागच्या खोलीत नेट आलं. मी मनातल्या मनात हात जोडले. तोंडाने फक्त चहा विचारला, कारण नानांना एकदा हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की ते लवकर उतरत नाहीत.

सेक्रेटरींच्या घरी वेगळाच प्रकार. राऊटर दिसायला बरा नाही म्हणून त्यांनी तो शोकेसच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, स्टीलच्या डिनर सेटमागे दडवलेला. नाना म्हणाले, "टाकी कदी तलघरात बांधतात काय? उंचावर ठेवा, मोकल्यावर ठेवा." आणि त्यांनी भिंतीवरचा लग्नाचा फोटो उतरवून त्या खिळ्याला राऊटर लटकवला. रेंज बेडरूमच्या खिडकीपर्यंत गेली. सेक्रेटरींच्या मिसेस मात्र अजून नानांशी बोलत नाहीत. पुढे असंही उघडकीला आलं की सेक्रेटरींचा पासवर्ड म्हणजे सोसायटीचं नाव आणि एक-दोन-तीन. गेटजवळच्या इस्त्रीवाल्यापासून अर्धी बिल्डिंग त्यांच्या वाय-फायवर पिक्चर बघत होती. "चोर कनेक्शन! दाब कसा ऱ्हाईल?" असं ओरडत नानांनी स्वतः पासवर्ड बदलला आणि इस्त्रीवाल्याने आठवडाभर नानांच्या शर्टाची कॉलर नीट केली नाही.

नानांची भाषा तुम्हाला एव्हाना कळली असेल. रेंज म्हणजे दाब. राऊटर म्हणजे टाकी. एक्स्टेंडर म्हणजे पंप. आणि वायर म्हणजे पाइपलाइन. वायरीवर त्यांची खरी श्रद्धा. "हवेतनं पानी न्यायचं म्हनजे लाडीगोडी," ते म्हणायचे, "पाइप टाकला की विषय संपला."

आता शबानाकडे येते. ती माझ्या खालच्याच मजल्यावर भाड्याने राहायची. वीस-बावीस वर्षांची, उरणकडची. नवरा रफिक कुवेतला एसी दुरुस्तीच्या कामावर. सोबतीला सासू. निकाहाला दोन वर्षं झालेली आणि त्यातले एकत्र काढलेले साडेतीन महिने. रफिकचा व्हिडिओ कॉल रोज सकाळी आठला यायचा, कामावर निघायच्या आधी. तेव्हा मोबाइलवरचं नेट महाग आणि पुरवून पुरवून वापरायचं, म्हणून तिने केबलवाल्याचं वाय-फाय घेतलेलं. पण त्याची वायर बाल्कनीतून यायची, राऊटर बाल्कनीच्या दाराशी, हॉलमध्ये जपमाळ घेऊन सासू बसलेली आणि आतल्या खोलीत फुली. म्हणून शबाना बाल्कनीत उभी राहून बोलायची.

खाली दूधवाला, बाजूला पेपर घेऊन सेक्रेटरी, वर मी. "नाश्ता झाला? हां, मी ठीक. अम्मी ठीक. हां, सगळं ठीक." रोजचं तेच. खोटं कशाला बोलू, मीही ऐकायचे. बरोबर आठला कपडे वाळत घालायची शिस्त मला त्या वर्षीच लागली.

एक दिवस शबानाने मला जिन्यात गाठलं. "ताई, ते एक्स्टेंडर कुठे मिळतं? मला यांच्याशी एक गोष्ट बोलायची आहे. दोन महिने मनातच ठेवलीय. बाल्कनीत उभं राहून नाही बोलता येत." एवढं बोलून तिने ओढणी डोळ्यांना लावली. काय गोष्ट, ते मी विचारलं नाही. माझी मलाच लाज वाटली.

मी नानांना सांगितलं. मला वाटलं, नवं घर मिळालं म्हणून खूश होतील. पण त्यांनी हातातला खडू खाली ठेवला आणि विचारलं, "रोज तिथंच उभी ऱ्हाते? सगल्यांदेखत?" मी हो म्हटलं. ते उठले आणि चपला न घालताच जिना उतरले.

शबानाच्या घरमालकाने भिंतीला खिळा मारायला मनाई केलेली. नानांनी पनवेलच्या बाजारातून एक्स्टेंडर आणला आणि पॅसेजमध्ये, गीझरसाठी उंचावर काढलेल्या प्लगमध्ये बसवला. उंच, मोकळा आणि तीन रेघांच्या जागी. सगळे नियम पाळलेले. संध्याकाळी आतल्या खोलीत चार रेघा. शबाना म्हणाली, "नाना, किती तकलीफ घेतलीत!" नाना म्हणाले, "उद्या आठ वाजता दार लावून बोल, बाय."

दुसऱ्या दिवशी आठला शबाना बाल्कनीतच. "हां, सगळं ठीक."

नाना खाली कंपाउंडमध्ये उभे होते. त्यांनी मान वर केली, तिने मानेनेच नाही म्हटलं. संध्याकाळी तपासलं तर पुन्हा चार रेघा. सकाळी फुली. तीन दिवस हेच. नानांनी एक्स्टेंडर खाली आणून बघितला, तर तिथे लोखंडी कपाट आडवं. पुन्हा वर चढवला. पॅसेजची फरशी माझ्या फळ्यासारखी दिसायला लागली.

चौथ्या दिवशी मी आकडे बघायला गेले आणि माझी नजर प्लगच्या मागे गेली. आमच्याकडे पाणी सकाळी सहा ते साडेसात. म्हणून घरोघरी बाथरूमच्या माळ्यावर टाकी. शबानाच्या घरमालकाने हौसेने दोन टाक्या बसवलेल्या, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, बरोबर एक्स्टेंडर आणि आतल्या खोलीच्या मध्ये. आठ वाजता दोन्ही काठोकाठ भरलेल्या. संध्याकाळी तळाला. पाणी वाय-फाय अडवतं हे मी नेटवर वाचलेलं होतं.

"नाना," मी म्हटलं, "पाणी आड येतंय."

असं बघितलं त्यांनी माझ्याकडे, की मी त्यांच्या आईला शिवी दिली असती तरी चाललं असतं. "पानी? मास्तरीणबाई, बत्तीस वर्षं पानी बघतोय मी. पानी कुनाला अडवत नाय. मानसं पान्याला अडवतात." आणि दोन दिवस माझ्याशी बोलणं बंद. खडूसुद्धा न्यायला आले नाहीत, म्हणजे राग खराच.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला शबानाने मला बोलावलं. नाना तिच्या आतल्या खोलीत खुर्चीवर बसले होते. मांडीवर मोबाइल. माळ्यावर टाकीत पाणी पडल्याचा आवाज येत होता. चार रेघांच्या तीन झाल्या. नाना हलले नाहीत. पाणी चढत गेलं, तीनच्या दोन, दोनाची एक. साडेसातला टाकी भरून आवाज थांबला आणि रेघ गेली. नानांनी मोबाइल उलटा ठेवला. म्हातारा माणूस इतका खजील झालेला मला बघवेना. "पानीच हाय," ते म्हणाले. "माजंच पानी."

मग मात्र ते एकदम ताठ झाले. "पाइपलाइन टाकू!"

त्याच दिवशी त्यांनी वायर टाकली. बाल्कनीच्या ग्रिलवरून, बाहेरच्या सज्जावरून, आतल्या खोलीच्या खिडकीतून, भिंतीला एक खिळा न मारता, दर वितीला सुतळीची गाठ. वायरीच्या टोकाला दुसरा राऊटर हवा होता, तो ते घरून घेऊन आले. शबानाच्या खोलीत सगळ्या रेघा उभ्या राहिल्या आणि तिच्या सासूने नानांच्या हातावर खजूर ठेवले.

मी संध्याकाळी नानींकडे गेले, तर तो राऊटर त्यांच्याच खोलीतला निघाला. "नानी, आता तुमच्या खोलीत नेट नाही की हो!"

"ऱ्हाऊ दे," नानी कोळंबी सोलत होत्या. "त्या पोरीचं चारचौघांत बोलनं त्यानलाच बघवलं नसंल."

मग नानींनीच सांगितलं. पूर्वी नानांची बदली धरणावरच्या पंपहाऊसवर होती. आठवड्याने घरी यायचे. गावात फोन एकच, वाण्याच्या दुकानात. नाना बुधवारी फोन करायचे, वाणी माणूस पाठवायचा, नानी धावत जायच्या. "पयल्या खेपेला आठवा महिना व्हता. पोर पोटातच गेलं. सोमवारची गोष्ट. बुधवारी फोन आला. दुकानात सात-आठ मानसं उभी, गुल घेनारी, तेल घेनारी. हे इचारतात, कशी हायस? मी काय बोलनार गो? बोलले, सगलं बरं हाय." नानींनी कोळंबीचं भांडं पुढे ओढलं. "ते हसत हसत आले शनवारी. पोरासाठी टोपडं घेऊन."

मीही एक कोळंबी उचलून सोलायला घेतली.

"नंतर विषय काढला त्यांनी?" मी विचारलं.

"नाय. मी पन नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी कपड्यांची बादली घेऊन बाल्कनीत आले, सवयीने. खालची बाल्कनी रिकामी होती. सेक्रेटरींनी पेपरातून दोनदा मान वर केली. दूधवाल्यानेही बघितलं. नाना कंपाउंडमध्ये पंपाच्या खोलीपाशी उभे होते. त्यांनी दूधवाल्याला पिटाळलं. सेक्रेटरींना म्हणाले, "साहेब, पेपर घरात पन वाचता येतो." सेक्रेटरी पुटपुटत गेले. साडेआठ झाले तरी बाल्कनीचं दार उघडलं नाही. शबानाचं बोलणं चालूच असणार. काय बोलत होती ते मला आजतागायत माहीत नाही, आणि ते माहीत नाही याचं मला फार बरं वाटतं.

नाना निघतील असं मला वाटलं. पण त्यांनी आजूबाजूला बघितलं, कुणी नाही याची खात्री केली आणि मोबाइल कानाला लावला. दोन मजले चढून गेले असते तर नानी समोरच होत्या. पण समोरासमोर इतक्या वर्षांत जमलं नव्हतं, आणि राहून गेलं होतं ते फोनवरच.

"मी बोलतोय," ते म्हणाले. "नाय, कुठं गेलो नाय, खालीच हाय. घरात कोन हाय? कोन नाय ना? हितं पन कोन नाय." मग पंपाच्या खोलीच्या भिंतीला त्यांनी एक हात टेकला. "त्या बुधवारी वाण्याकडं... काय बोलायचं व्हतं तुला? बोल आता. मी ऐकतोय."

बादलीत अजून चार कपडे होते. मी ते तसेच उचलले, आत आले आणि बाल्कनीचं दार लावून घेतलं.