तेरा अंशांची बाज

थांबा, हातातलं काम ठेवा. शेजारच्या व्यंकटकाकांच्या बाजेचं आत्ताच सांगते, न्हाईतर पोट फुगंल माझं.

काका ओसरीत बाज तिरकी टाकतात. भिंतीला धरून न्हाई, दाराला धरून न्हाई. फरशीवर खडूच्या खुणा, चारी खूर त्यावरच पाहिजेत. झाडताना जरा सरकली की काकूचा उद्धार. आणि झोपताना पाय दक्षिणेला.

माझी आई एकदा बोललीच. "भावजी, यमाच्या दिशेला पाय करून झोपून राहिलेत. बोलावणं धाडलंय का त्याला?"

"वहिनी, ही दक्षिण कुठं हाय? तेरा अंश पश्चिमेला सरकलोय. यम चुकंल की वाट."

काका शाळेत हिसाब शिकवतात, उर्दूतून. निजामाचं राज्य हाय ना. कोन मात्र ज्याला त्याला त्याच्या मापात देतात. शाळेतल्या पोरांना उर्दूत तेरा दर्जे. पंचांग बघणाऱ्या जोशीबुवांना सातशे ऐंशी कला, एका अंशाच्या साठ धरून. माझा भाऊ हैदराबादेत कॉलेजात, त्याला "पाव रेडियनला जरा कमी". आईला यातलं कायबी कळंना, तर म्हणाले, "भाकरीचा चतकोर घ्या. त्याचे सात घास करा. त्यातल्या एका घासाएवढी वाकडी हाय."

"एका घासासाठी एवढं? सरळ करा की मग."

"त्या एका घासावरच तर चाललंय, वहिनी."

काकांची लेक शारदी, माझी मैत्रीण, उदगीरला दिली. सासरचे धाडतच न्हाईत. दिवाळी गेली, संक्रांत गेली. काका मोटारअड्ड्यावर जाऊन येतात. विचारलं तर म्हणतात, पान खायला गेलतो. काका पान खातच न्हाईत.

आणि परवा शारदी आली. मी पळत गेले, तर बाज भिंतीला लागून, सरळ. खुणा पुसलेल्या.

"काका, तेरा अंश कुठं गेले?"

"शून्य झाले, पोरी. अंशात घे, दर्जात घे, रेडियनात घे, शून्य ते शून्यच. बदलायची कटकट न्हाई." लई खुशीत होते. मला काय ते समजलंच न्हाई.

काल शारदीची मोटार गेली. काका अड्ड्यावरनं आले, खडू काढला, म्हणाले, "एक बाजू धर." बाज फिरवली. आडवे झाले, उठून बसले, नजर समोर लावली.

"जरा पश्चिमेकडं. आणखी. हां, बस. आता सकाळी उठून बसलो की समोर उदगीर."

समोर तर नुसती आमच्या घराची भिंत होती.

तुमच्याकडंबी कुणी असं वाकडं झोपतं का हो? बाज सरळ करायच्या आधी विचारलंत का त्यांना, लेक कुठं दिली?